टॅलीतली उधारी एआयला दाखवताना: दुकानदारांसाठी पायरीपायरीने

तासगाव भागात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. हिशोब टॅली प्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर, तो मी बघते. माणसं अण्णा बघतात, म्हणजे माझे सासरे. गेल्या मार्चअखेरीला मी उधारीची यादी पहिल्यांदा एआयला दिली आणि "वसुलीला आधी कुणाकडे जायचं?" एवढंच विचारलं. चहा निवायच्या आत वीस नावांची सुबक यादी आली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली आणि हसायलाच लागले. "अगं, हा पहिला नंबरवाला बुडवणारा व्हय? त्याचा बेदाणा अजून स्टोरेजला हाय. आन् ह्या तिसऱ्यानं होळीला चेक दिलाय, एंट्री कुठं मारलीस बघ."

दोन्ही ठिकाणी अण्णांचंच खरं निघालं. यंत्रानं बेरीज-वजाबाकी ठीक केली होती, मी दिलेली माहिती अर्धी होती. नंतर वर्षभर ठेचा खात जी पद्धत बसली ती खाली लिहिते. उदाहरणं आमच्या धंद्यातली आहेत, पण दुकान हार्डवेअरचं असो की कापडाचं, उधारी सगळीकडे सारखीच छळते.

काय काय लागेल

- टॅली प्राइम आणि त्यातल्या कंपनीचा ताजा बॅकअप. एक्सपोर्ट केल्यानं, म्हणजे फाइल बाहेर काढल्यानं, डेटा बिघडत नाही, पण पायरी 2 मध्ये एंट्र्या दुरुस्त करायच्या आहेत.
- एक्सेल, लिबरऑफिस किंवा गूगल शीट्स.
- चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, कोपायलट यांपैकी कुठलाही एक मदतनीस. अट एकच: त्यात फाइल जोडता आली पाहिजे आणि त्यानं कोड चालवून हिशोब केला पाहिजे. फुकट खात्यात फाइलींवर मर्यादा असतात, सुरुवातीला तेवढ्यात भागतं.
- कॅल्क्युलेटर. हसू नका, पायरी 7 ला लागतो.
- गिऱ्हाइकांना तोंडानं ओळखणारं दुकानातलं एक जुनं माणूस.

1. आधी कागदावर प्रश्न लिहा

"माझ्या धंद्याचं विश्लेषण कर" असं म्हटलं की एआय दोन पानं लिहून देतो आणि त्यात आपल्या कामाचं वाक्य एक नसतं. वाण्याकडे जाऊन "काहीतरी द्या" म्हटल्यासारखंच ते. ज्या उत्तरावर तुम्ही सोमवारी सकाळी काहीतरी कराल, तोच प्रश्न लिहा. माझे तीन ठरलेले आहेत: या महिन्यात कुणाला फोन करायचा, कुणाला नवीन उधार द्यायचं नाही, आणि कुठलं औषध मुदतीच्या आत खपणार नाही. एका बैठकीत एकच घ्यायचा.

2. टॅलीतला कचरा आधी काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही हीच. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, आपण घाईत रिसीट व्हाउचर (पैसे जमेची नोंद) मारलं आणि बिलाचा संदर्भ विचारल्यावर "ऑन अकाउंट" निवडून मोकळे झालो. पैसे जमा झाले, खात्याची बाकीही बरोबर आली, पण ते पैसे कुठल्याच बिलासमोर गेले नाहीत. त्यामुळे जुनं बिल तसंच उघडं राहतं आणि दिवस मोजत बसतं. एआयला ते 240 दिवस थकलेलं बिल दिसतं. आमचा तिसऱ्या नंबरचा शेतकरी असाच अडकला होता.

म्हणून मोठ्या खात्यांच्या "ऑन अकाउंट" रकमा शोधा आणि ते रिसीट व्हाउचर उघडून "अगेन्स्ट रेफ" निवडून खऱ्या बिलांना जोडा. सगळी खाती करत बसू नका, वरची पन्नास पुरेत. लेजरमध्ये (टॅलीतल्या गिऱ्हाइकाच्या खात्यात) बिल-बाय-बिल बाकी ठेवण्याचा पर्यायच "नो" असेल, तर त्या खात्याचं वय काढताच येत नाही. ते आजपासून "यस" करा आणि जुनी बाकी ओपनिंग बिलांत फोडून घाला. याला माझी दोन दुपार गेली. दुसऱ्या दुपारी सापडलं की एकाच शेतकऱ्याची दोन लेजर होती, एक मराठी स्पेलिंगचं आणि एक माझ्या आधी हिशोब बघणाऱ्या मुलानं केलेलं.

3. फाइल काढा

डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, मग स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, मग आउटस्टँडिंग्ज, त्यात ग्रुप, आणि सन्ड्री डेटर्स (ज्यांच्याकडून येणं आहे ते). कालावधी एफ2 ने ठरवा. मग ऑल्ट-ई (एक्सपोर्ट), त्यातून चालू अहवाल, फॉरमॅट एक्सेल. तुमच्या आवृत्तीत एखादं बटण इकडे-तिकडे असेल, वाट हीच.

फाइल उघडल्यावर वरच्या ओळींत कंपनीचं नाव, पत्ता, कालावधी असतो. त्या ओळी काढून टाका, पहिली ओळ रकान्यांच्या नावांचीच राहू द्या. तळाची एकूण बेरजेची ओळही काढा, पण तो आकडा आधी कागदावर उतरवा. ती ओळ राहिली तर एआय तिलाही एक गिऱ्हाईक समजतो आणि तुमची उधारी दुप्पट करून दाखवतो.

आता मुख्य सापळा. टॅलीतून आलेल्या एक्सेलमध्ये रकमेपुढे दिसणारं "डीआर" (डेबिट, येणे) किंवा "सीआर" (क्रेडिट, जमा) हा बऱ्याचदा नुसता देखावा असतो. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत बघा: तिथं नुसता आकडा असेल, तर डेबिट-क्रेडिटची खूण फक्त फॉरमॅटमध्ये आहे. एआय आकडा वाचतो, फॉरमॅट वाचेलच असं नाही. मग आगाऊ पैसे दिलेला भला माणूसही त्याला थकबाकीदार दिसतो. उपाय सोपा आहे. फाइल सीएसव्ही (नुसत्या अक्षरांची साधी फाइल) म्हणून सेव्ह करा, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं तेच अक्षरात उतरतं. सीएसव्ही पुन्हा उघडून खूण आली आहे ना ते पाहा.

तारखाही तपासा. 05/04 म्हणजे आपल्याला 5 एप्रिल, यंत्राला कधी कधी 4 मे. महिना अक्षरात असू द्या.

4. नावं झाका

गिऱ्हाइकाची उधारी ही त्याची खासगी गोष्ट आहे. गावात ती चव्हाट्यावर मांडत नाही, तशीच कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नावानिशी मांडायची नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहेच.

एक वेगळी शीट करा, तिला मी कोडवही म्हणते. डाव्या रकान्यात लेजरचं नाव, उजव्या रकान्यात कोड: जी001, जी002. एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्रानं मुख्य फाइलमध्ये कोड भरा आणि नावाचा रकाना उडवा. मोबाइल नंबर, पत्ता, बँक खातं उडवा. जीएसटी नंबरही उडवा, कारण त्याच्या 15 अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची 27, आणि पुढची दहा म्हणजे त्या माणसाचा आख्खा पॅन असतो. खताच्या पॉस मशीनच्या (खतविक्रीची नोंद करणाऱ्या यंत्राच्या) कुठल्याही नोंदीत आधार असेल, तर ती फाइल जोडायचीच नाही. कोडवही स्वतःच्या संगणकावर राहते, ती कधीही अपलोड होत नाही.

शिवाय मदतनीसाच्या सेटिंगमध्ये जाऊन "माझ्या संवादांवरून मॉडेल सुधारा" अशा अर्थाचा पर्याय बंद करा.

कोडचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. सुरुवातीला मी नावांसकट फाइल दिली होती आणि "सारखी नावं एकत्र कर" असं सांगितलं होतं. आमच्याकडे एकेका गावात चार-चार संजय पाटील आहेत, आम्ही त्यांना मळ्यावरचा, टाकीजवळचा असं ओळखतो. एआयनं सगळ्यांचा एक पाटील करून टाकला आणि तो तालुक्यातला सगळ्यात मोठा थकबाकीदार ठरला.

5. टॅलीला माहीत नसलेलं एक रकानाभर लिहा

30-60-90 दिवसांचा हिशोब शहरातल्या व्यापाऱ्याला लागू पडत असेल. आमच्याकडे द्राक्षवाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून औषधं उचलतो. माल निघतो जानेवारी ते एप्रिल. त्यातही ज्यानं बेदाणा केला, त्याचे पैसे बेदाणा शीतगृहातून सौद्याला निघेल तेव्हा. म्हणजे 150 दिवस झालेलं बिल द्राक्षवाल्याच्या बाबतीत ताजंच म्हणायचं, आणि भाजीपाल्यावाल्याचं 45 दिवसांचं बिल मात्र काळजीचं. ऊसवाल्याचे पैसे कारखान्याचं बिल निघालं की.

हे टॅलीत कुठंच नाही. ते अण्णांच्या डोक्यात आहे. म्हणून मी फाइलमध्ये दोन रकाने वाढवले: "पीक" आणि "पैसे येण्याचा महिना". एका संध्याकाळी अण्णांना बाकड्यावर बसवून एकेक नाव वाचलं, ते सांगत गेले, मी भरत गेले. माझ्या अख्ख्या वर्षातली सगळ्यात उपयोगी दोन तासांची मेहनत तीच. तुमच्या धंद्यात हा रकाना वेगळा असेल. बांधकामाचं साहित्य विकत असाल तर स्लॅब पडण्याची तारीख, शाळेचे गणवेश विकत असाल तर जून.

6. पहिला प्रॉम्प्ट फक्त ओळखीचा

प्रॉम्प्ट म्हणजे एआयला लिहून द्यायची सूचना. फाइल जोडल्याजोडल्या प्रश्न टाकू नका. आधी त्याला फाइल कळली का ते बघा. मी हे पाठवते:

"सोबतची फाइल कृषी सेवा केंद्राच्या येणे बाकीची आहे. रकाने: कोड, बिल तारीख, बिल नंबर, बाकी रक्कम, पीक, पैसे येण्याचा महिना. रकमेपुढे डीआर म्हणजे आम्हाला येणे, सीआर म्हणजे गिऱ्हाइकाचे आगाऊ जमा. सीआर रकमा वजा धर. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत. अजून विश्लेषण करू नकोस. कोड चालवून फक्त एवढं सांग: एकूण ओळी किती, वेगवेगळे कोड किती, डीआरची बेरीज, सीआरची बेरीज, निव्वळ बाकी, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख. कुठला रकाना रिकामा किंवा विचित्र असेल तर ओळ क्रमांकासह दाखव. अंदाजानं काही भरू नकोस."

"कोड चालवून" हे शब्द गाळू नका. हे मदतनीस मुळात भाषेचे. तोंडी बेरीज करायला लावली तर ते अगदी ठाम आवाजात चुकतात. कोड लिहून मोजलं की बेरीज संगणक करतो.

मराठीत विचारलेलं चालतं का, असं मला नेहमी विचारतात. चालतं. फक्त रकान्यांची नावं फाइलमध्ये आहेत तशीच, अक्षरशः तीच लिहा. फाइलमध्ये "बाकी रक्कम" आणि प्रश्नात "येणे" असं लिहिलं की तो स्वतःच्या मनानं जुळवायला जातो. मी सुरुवातीला त्याला "तुम्ही" म्हणायचे, आता "तू" वर आलेय. त्यानं उत्तरात फरक पडला नाही.

7. ताळा करा

आता पायरी 3 मध्ये कागदावर उतरवलेला आकडा काढा. माझ्या कागदावर होते 38,46,210. एआयनं निव्वळ बाकी सांगितली 42,10,710. फरक 3,64,500.

जुन्या मुनीमांची एक युक्ती आहे: फरक आला की त्याचा अर्धा करून तो आकडा वहीत शोधायचा. 1,82,250. मी टॅलीत सीआर बाकीची बेरीज पाहिली, तंतोतंत 1,82,250. म्हणजे वजा करायच्या रकमा मिळवल्या गेल्या होत्या, म्हणून फरक दुप्पट. मी एक्सेलच फाइल जोडली होती, सीएसव्ही नाही.

रुपयाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका. फरकाला 9 नं भाग जात असेल तर हातानं आकडा उतरवताना अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता आहे. फरक एखाद्याच बिलाएवढा असेल तर ती ओळ साफसफाईत उडाली. आणि नेमकी दुप्पट बेरीज आली असेल तर तळाची ओळ राहिली.

इथं आणखी एक खोड सांगून ठेवते. "हे चुकलंय ना?" असं विचारलं की एआय लगेच माफी मागतो आणि कधी कधी बरोबर उत्तरही बदलतो. नव्या पोऱ्यावर ओरडल्यासारखं होतं. त्याऐवजी "ही बेरीज कुठल्या ओळींवरून केलीस, पहिल्या दहा ओळी आणि त्यांची चिन्हं दाखव" असं विचारा. चूक स्वतःहून समोर येते.

8. आता खरा प्रश्न

ताळा जुळला की:

"आजची तारीख 10 एप्रिल धर. पैसे येण्याचा महिना उलटून गेलेल्या बिलांचाच विचार कर, ज्यांचा महिना अजून यायचाय ती बिलं यादीत नकोत. प्रत्येक कोडसाठी दे: एकूण बाकी, मुदत उलटलेली बाकी, सगळ्यात जुन्या उलटलेल्या बिलाची तारीख. 5,000 च्या खालची बाकी सोड. मुदत उलटलेल्या रकमेनुसार उतरत्या क्रमानं पहिली 25 नावं तक्त्यात. तक्त्याखाली उपदेश नको. ज्या कोडचं पीक रिकामं आहे त्यांची वेगळी यादी कर, त्यांचा अंदाज लावू नकोस."

आजची तारीख स्वतः सांगायची, नाहीतर तो कुठलीही धरून दिवस मोजतो. "उपदेश नको" हे लिहिलं नाही तर प्रत्येक तक्त्याखाली "ग्राहकांशी सुसंवाद ठेवा" छापाच्या सहा ओळी येतात.

तक्ता आला की त्यातले कुठलेही तीन कोड उचला, कोडवहीतून नाव काढा, टॅलीत ते लेजर उघडा आणि आकडे पडताळा. पहिले तीन घेऊ नका, मधलेच घ्या. जमलं तर यादीत नसलेलं एखादं खातंही उघडा, ज्याच्याबद्दल तुमच्या मनात पाल चुकचुकते आहे. सुटलेली नावं तिथंच सापडतात.

9. याच रीतीनं स्टॉक

स्टॉकला हीच पद्धत, म्हणून थोडक्यात. औषधांसाठी टॅलीत बॅच आणि एक्सपायरीची तारीख भरलेली असेल तरच याच्या वाटेला जा. नसेल तर आधी रॅकसमोर उभं राहून ती भरा. मग दोन फाइली लागतात, बॅचवार शिल्लक आणि गेल्या वर्षाची महिनावार विक्री. प्रश्न असा: "प्रत्येक बॅच एक्सपायरीच्या आत खपेल का ते गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या विक्रीवरून मोज. वर्षाची सरासरी वापरू नकोस, आमची विक्री हंगामी आहे." सरासरी धरली तर छाटणीच्या हंगामातलं बुरशीनाशक मे महिन्यातही जोरात खपताना दिसतं.

खतात एककाचा घोळ असतो. टॅलीत आपण पोती लिहितो, खताच्या कागदांवर कुठं कुठं मेट्रिक टन. युरियाचं पोतं 45 किलोचं, डीएपीचं 50 चं. एक टन डीएपी म्हणजे 20 पोती, पण एक टन युरिया म्हणजे 22 पोती आणि वर 10 किलो. हे प्रॉम्प्टमध्ये लिहून द्या. पॉसवरची शिल्लक आणि टॅलीची शिल्लक जुळवताना माझा पहिला फरक निव्वळ यातून आला होता, आणि मी तोवर गोदामातली पोती दोनदा मोजली होती.

10. काय विचारू नये

जीएसटीचा कुठला दर लावू, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येईल का, असलं काही विचारू नका. उत्तर येतं, पटतंही, पण ते जुन्या नियमाचं असू शकतं आणि नोटीस आपल्या नावानं येते. ते सीएला विचारा. एआयकडून फक्त सीएसाठी यादी तयार करून घ्या, उदाहरणार्थ जीएसटीआर-2बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणाऱ्या पत्रकात) दिसणारी पण आपल्या खरेदी नोंदवहीत नसलेली बिलं. त्यातही पुरवठादारांची नावं झाकूनच.

दुसरं, गिऱ्हाइकाला पाठवायचा वसुलीचा मेसेज त्याच्याकडून लिहून घेऊन तसाच पुढे ढकलू नका. मी एकदा पाठवला होता. "आपल्या थकीत देयकाबाबत स्मरण करून देत आहोत" वाचून शेतकरी घाबरून दुकानात आला, त्याला वाटलं बँकेची नोटीस. आता तो मेसेज अण्णा तोंडी सांगतात आणि मी टाइप करते: "दादा, औषधाचं जरा बघा, कंपनीचे पैसे भरायचेत."

11. प्रॉम्प्ट जपून ठेवा

चालणारे प्रॉम्प्ट एका साध्या फाइलमध्ये तारखेसह ठेवा. दर वेळी आठवून लिहिलं की एखादी अट सुटते आणि दोन महिन्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत. फाइल दर वेळी नवीन संवादात जोडा, जुन्याच संवादात नवी फाइल टाकली तर मागच्या महिन्याचे आकडे मध्ये डोकावतात. कोडवहीत नवीन गिऱ्हाईक आलं की शेवटी जोडा, मधल्या कोडांना हात लावू नका.

माझं आताचं वेळापत्रक असं: महिन्याच्या 5 तारखेला फाइल, त्याच संध्याकाळी ताळा, दुसऱ्या दिवशी पंचवीस नावांची छापील यादी अण्णांच्या हातात. ते पेन्सिलनं खुणा करतात. कुणापुढे बरोबर, कुणापुढे "मुलीचं लगीन, दिवाळीनंतर", कुणापुढे नुसती फुली. त्या खुणा मी पुढच्या फाइलमध्ये "शेरा" या नव्या रकान्यात भरते. लग्नाचं मात्र नाही, तिथं फक्त "दिवाळीनंतर" एवढंच जातं.